मामा म्हणजे कोण

पनवेल, ५ जानेवारी २०२५

प्रिय प्रांजल,

काल तुझे दोन फोन आले, ते मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू म्हणतेस, "मी मजेत आत्या," मी म्हणते, "मीही मजेत," आणि दोघी धडधडीत खोटं बोलतो. लिहिताना मला खोटं कमी सुचतं. म्हणून ही ईमेल. पत्र समजून वाच आणि उत्तरही पत्रासारखं दे, ते अंगठे नि बदाम पाठवू नकोस.

तर बातमी अशी. आमच्या खाडीकाठ चित्रपट मंडळाने यंदा आफ्रिकी सिनेमांचा महोत्सव करायचा ठरवलाय. आठ आणि नऊ फेब्रुवारी, दोन दिवस. आफ्रिकेतले सिनेमे आणि तिथून जगभर गेलेल्या माणसांचेही. आपल्याच रायगडातल्या सिद्दी घराण्यांवर मुरूडच्या एका मुलीने केलेली फिल्मसुद्धा आहे. खारघरला एवढी आफ्रिकी मुलं शिकायला येतात, आणि त्यांच्याविषयी आपल्या लोकांना काय माहीत? खोली द्यायची नाही, एवढंच.

कल्पना माझी. सगळे म्हणाले, "घरतबाई, रिटायर झालात, आता तरी गप्प बसा." बसले नाही.

पण ठरवलेलं सभागृह दुरुस्तीला गेलं. पनवेलमध्ये लग्नसराईत दोन दिवस हॉल कोण देतो? शेवटी कामोठ्याला गेले, तुझ्या भावाकडे. होय, जीवनकडे. आपला गुणाबाई हॉल मिळालाय.

आता ओरडू नकोस. पुढे वाच. बराकाची ती मिठागरावरची फिल्म मला हवी आहे. चार वर्षं झाली तुमच्या लग्नाला. तुझे बाबा तुझं नाव घेत नाहीत, जीवनने तुझा नंबर बंद करून ठेवलाय, आणि कोर्टात साक्षीदार म्हणून सही केली म्हणून मलाही एक गौरी-गणपती घराबाहेर काढावा लागला. हे किती दिवस चालायचं? तुझ्या आईच्या नावाच्या हॉलमध्ये तुझ्या नवऱ्याचा सिनेमा लागावा, असं माझ्या डोक्याने घेतलंय. फिल्ममधलं बोलणं मराठीत करून मी स्वतः माईकवर वाचणार आहे, म्हणजे पडद्याखालच्या इंग्रजी ओळी न वाचता येणाऱ्यांनाही कळेल.

अमानीला माझे खूप पापे.

तुझी,
शशीआत्या

*

दार-ए-सलाम, ९ जानेवारी

आत्या,

ओरडले. भरपूर ओरडले. बराका स्वयंपाकघरातून धावत आला, त्याला वाटलं पाल पडली अंगावर.

तुला काय वाटतं, मी अजून दारात उभी राहून विनवण्या करायच्या? लग्नाआधी मी लपवलं नव्हतं. बराका खारघरला शिकायला होता तेव्हाच त्याला घरी आणलं होतं. जीवनदादाने पाणीसुद्धा विचारलं नाही. बाबा म्हणाले, "गावात मी तोंड कसं दाखवू?" तोंड कोणाचं, गाव कोणाचं, आणि शिक्षा मला.

पण खरं सांगते. गेले काही दिवस मी नीट झोपत नाहीये, आणि कारण ऐकून तू हसशील. अमानीचं जावळ. वीस मार्चला तो तीन वर्षांचा होईल. केस मानेखाली आलेत, वाळू भरते, विंचरताना घर डोक्यावर घेतो. सासूबाई रोज विचारतात, कापत का नाहीस? मी सांगितलं, आमच्यात मुलाचे पहिले केस मामाच्या मांडीवर बसवून काढतात, तिसरं संपायच्या आत. त्या म्हणाल्या, "मग घे की मांडीवर! अडलंय कुठे?"

कारण स्वाहिलीत मामा म्हणजे आई! इथे मला सगळे "मामा अमानी" म्हणतात, अमानीची आई. सासूबाई "मामा बराका". दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. जीवनदादाला इथे आणून "दादा" म्हटलं तर लोक त्याच्या मिशांकडे बघतील. बाबा तेवढा दोन्हीकडे बाबाच.

मी सासूबाईंना समजावून सांगितलं, मामा म्हणजे माझा भाऊ. त्या भल्या आहेत. म्हणाल्या, "मग बोलव त्याला." मी म्हटलं, त्याला वेळ नाही. बघ, इथेही खोटंच बोलले.

मी देवाधर्माची नाही, तुला माहीत आहे. पण आई गेली तेव्हा अर्ध्या गावासमोर तिने जीवनदादाचा हात धरून सांगितलं होतं, "हिची पोरं तुझे मांडीवर." ते डोक्यातून जात नाही.

फिल्म पाठवते. बागामोयोच्या मिठागरांवर आहे. दोन अटी. एक, कोणाची फिल्म आहे हे तू आधी सांगायचं नाहीस. मला दयेचं बोलावणं नको. दुसरी, शेवटी अमानी बांधावरून "मामा, मामा" करत पळत येतो, मला शोधत. मी कॅमेऱ्याच्या मागून ओ देते. तिथे माईकवर नीट "आई, आई" म्हण. नाहीतर लोक भलतंच समजतील.

प्रांजल

*

पनवेल, १९ जानेवारी

प्रिय मामा अमानी,

दुसरी अट मान्य. पहिलीही मान्य, पण गुपित राखायची मला सवय नाही.

परवा पोस्टर लावायला हॉलवर गेले. सोबत ग्रेस होती. ही टांझानियाचीच, खारघरला फार्मसी शिकते, स्वाहिली मला तीच समजावून देते. जीवन ऑफिसात बसून न्हावा शेव्याच्या ट्रेलरचे इंग्रजी कागद वाचत होता. मान वर करून ग्रेसकडे बघितलं आणि पुन्हा कागदात घातली. नंतर कळलं, ती याच्याच बिल्डिंगमध्ये खोली बघायला गेली होती आणि "फॅमिलीलाच देतो" म्हणून याने परत पाठवली होती. ग्रेसने नमस्कार केला, अगदी हात जोडून. आमचा राजा कानापर्यंत लाल.

ती गेल्यावर मला म्हणतो, "आत्या, येवढे जगात देश हायेत. तुला आफ्रिकाच घावली? मुद्दाम करतेस ना?"

म्हटलं, "हो. मुद्दाम. दरवर्षी मित्रांना घेऊन जंजिरा बघायला जातोस ना? तोफेवर बसून फोटो काढतोस? तो किल्ला ज्यांनी राखला ते कुठून आले होते रे?"

"त्याची गोष्ट येगली."

"वेगळी कशी ते सांग."

"च्या घेनार का?" म्हणाला. म्हणजे हरला.

तुझे बाबा मात्र पोस्टरपाशी उभे होते. बराकाच्या फिल्मचंच चित्र टाकलंय, मिठाच्या राशी नि मागे समुद्र. खूप वेळ बघत होते. मग म्हणाले, "शशे, हे उरनचं काय?" म्हटलं, नाही दादा, आफ्रिकेतलं. "आफ्रिकेन पन मीठ पिकवतात?" मी म्हटलं, समुद्र एकच आहे, इकडून तिकडे गेलेला. जाताना म्हणाले, "मना पुढची खुर्ची ठेव. मागशी दिसत नाय."

तर पुढची खुर्ची ठेवलीय.

आत्या

*

दार-ए-सलाम, २७ जानेवारी

आत्या,

बाबांना चष्मा लागलाय का? मला कोणी सांगितलं नाही.

तू खुर्चीचं लिहिलंस ते मी बराकाला वाचून दाखवलं. त्याने मुद्दाम हसून विषय बदलला, पण मग गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याला काही वाटत नाही असं आम्ही सगळे धरून चालतो, कारण तो तक्रार करत नाही.

एक ठरवलंय. बाबांनी फिल्म बघितली न बघितली, मी आता वाट बघणार नाही. वीस मार्चला बराकाच्या भावाच्या मांडीवर बसवून केस काढणार. तो हौसेने तयार आहे, नवीन शर्ट शिवतोय. मामा नाही तर काका. आणि इथे काका म्हणजे भाऊच, म्हणजे शब्दाने तरी मी आईचं ऐकलं असं होईल, नाही का? स्वतःची समजूत घालायला मी किती हुशार आहे बघ.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. महोत्सव छान कर.

प्रांजल

*

पनवेल, १० फेब्रुवारी

प्रांजल, बाळा,

बसून वाच. चहा ठेवला असशील तर गॅस बंद कर.

शनिवारी सकाळी हॉलवर पोचले तर आदल्या दिवशीच्या हळदीचं सगळं तसंच. झेंडूच्या माळा, खुर्च्यांना गुलाबी रिबिनी, आणि स्टेजवर थर्माकोलचं मोठं "शुभविवाह". आमचा पडदा त्याच्या पुढेच लावला. खारघरची मुलं येऊन फोटो काढायला लागली, त्यांना वाटलं त्यांच्यासाठीच सजवलंय. मीही सांगितलं, हो, तुमच्यासाठीच.

जीवन म्हणाला होता, मी काही सिनेमाला बसणार नाही. आणि दोन्ही दिवस हॉल सोडून हलला नाही. पंखे बघ, जनरेटर बघ. शनिवारी दुपारी मला बाजूला घेऊन म्हणतो, "लोकांना काय समोसे देनार? आईच्या हॉलमंदून लोक आसं जानार?" आणि रविवारी तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, वालाची आमटी! ग्रेसने सुकट तोंडात टाकली आणि ओरडलीच, "ही तर आमची डगा!" त्यांच्याकडेही अशीच वाळवलेली बारीक मासळी. जीवन तिच्या ताटात वाढायला दुसऱ्यांदा आला, तिच्याकडे न बघता. वाढलं मात्र भरपूर.

बराकाची फिल्म जेवणानंतर. तुझे बाबा पुढच्या खुर्चीत, इस्त्रीचा सदरा घालून. जन्मभर मिठागरात राबलेला माणूस, मिठागर दिसल्यावर त्यांना कोण आवरणार! "आरं बांध बग, बांध बसला तो! पानी सोड!" पडद्याशी बोलत होते. हॉल हसत होता, तेही हसत होते. मी माईकवर मराठी वाचतेय आणि मधे मधे तुझे बाबा. जीवन मागे दाराला टेकून उभा, हाताची घडी.

मग शेवट आला. बांधावरून अमानी पळतोय. ते केस! उन्हात नुसते उडतायत. आणि ओरडतोय, "मामा! मामा!" आणि मागून तुझा आवाज आला, "हाय रं, हाय. हितंच हाय."

प्रांजल, मी तू पाठवलेल्या संवादांच्या कागदावरूनच मराठी केलं होतं; तू मराठीत ओ दिलीयेस हे तू मला सांगितलं नव्हतंस. तेही आईच्या शब्दांत. वहिनी अशीच ओ द्यायची, अंगणात असली तरी नि मिठागरावर असली तरी. मी कागदावर "आई, आई" लिहून ठेवलं होतं, लाल पेनाने. कागद हातात तसाच राहिला, मी पडद्याकडे बघत बसले. मी काही बोलले नाही. पडद्यावर "मामा, मामा" चालू, आणि हॉलमध्ये माझा आवाज नाही.

तुझे बाबा उभे राहिले. मागे वळून एवढ्या हॉलसमोर म्हणाले, "जीवन्या! आपली प्रांजल ती! पोर मामाला हाक मारतंय रं! आन ती त्याला समजावते, मामा हितंच हाय. आन मामा कुठं? दाराशी!"

चार वर्षांनी तुझं नाव घेतलं त्यांनी.

ग्रेस माझ्याकडे बघत होती. तिला मराठी तेवढं कळतं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

जीवन बाहेर निघून गेला. दिवे लागले तेव्हा तुझे बाबा खाली बसून धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. आणि आज सकाळी जीवन माझ्या दारात. चप्पल न काढता उंबऱ्यावरच विचारतो, "जावल काढलं का त्याचं?" म्हटलं, नाही. "कवा हाय?" म्हटलं, वीस मार्चच्या आत. "बरं," म्हणाला नि गेला.

मी काय करू सांग. मला नाचावंसं वाटतंय.

आत्या

*

दार-ए-सलाम, १२ फेब्रुवारी

आत्या,

तुझी मेल मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस. बाबांनी नाव घेतलं. मी बराकाला सांगायला गेले आणि मला सांगताच येईना, तो घाबरला, कोणी गेलं की काय.

पण मग राग आला. तुझाच. मी एकच गोष्ट सांगितली होती. "आई" म्हण.

तू समजतेस ना काय झालंय? माझ्या मुलाने मामाला हाक मारलेली नाही. त्याला मामा आहे हेच ठाऊक नाही, आत्या. तो मला शोधत होता. जीवनदादा आणि बाबा जे बघून पाघळले ते घडलंच नाही. उद्या तिथल्याच कोणी, ग्रेसनेच, सहज सांगितलं की अहो, मामा म्हणजे आई, तर? अख्ख्या हॉलसमोर फसवलं असं वाटेल त्याला. तू जीवनदादाला ओळखतेस. मग चार नाही, चाळीस वर्षं.

आणि तसं नाही झालं तरी, मला नको. चुकीच्या शब्दावर माझा मुलगा कोणाच्या मांडीवर बसणार नाही. मला माझा भाऊ हवाय, आत्या, किती हवाय ते तुला लिहिता येत नाही. पण तो खरं कळून यायला हवा. नाहीतर बराकाचा भाऊ आहे, त्याचा शर्ट शिवून झालाय.

तू जाऊन सांग. तूच सांगायचं.

प्रांजल

*

पनवेल, १५ फेब्रुवारी

प्रांजल,

सांगून आले.

जीवन हॉलवर होता. तुझे बाबा घरी झोपले होते, त्यामुळे त्याला एकट्यालाच गाठलं. एवढी वर्षं पोरांच्या चुका काढल्या, आता स्वतःची सांगायची होती. म्हटलं, जीवन, स्वाहिलीत मामा म्हणजे आई. अमानी प्रांजलला हाक मारत होता. माझ्या हातात कागद होता, मी वाचलं नाही. चूक माझी. तिचा यात काही दोष नाही, तिनेच मला सांगायला पाठवलंय.

त्याने सगळं ऐकून घेतलं. टेबलावरची गाडीची किल्ली उचलली आणि बाहेर पडला. मी "जीवन, जीवन" करत गेटपर्यंत गेले, तो वळला नाही. त्याच्या बायकोला, कोमलला फोन केला तर म्हणे, घरी आले नाहीत.

तुझं बरोबर होतं. मी तोंड उघडायला हवं होतं तेव्हा उघडलं नाही. हातातोंडाशी आलेलं घालवलं मी. मला माफ कर, पोरी. आणि त्या बराकाच्या भावाला सांग, शर्टाचा रंग कुठला घेतलास ते कळव, मी इथून टोपी पाठवते.

आत्या

*

कामोठे गाव, १८ फेब्रुवारी

प्रांजल बाय,

मी जीवन. मना मराठी टायपिंग येत नाय. मी बोलतो नि तुझी वहिनी कोमल लिवते. ती सगलं शुद्ध करत व्हती, मी बोललो, आसूदे, माझी बहीन हाय ती, तिला समजंल.

आत्या तीन दिवस फोन उचलत नाय. मना वाटतं लाजली. तिला तूच सांग.

मना म्हायती व्हतं. सिनेमाच्या खाली इंग्लिशमंदी लिवलेलं येत व्हतं ना? मदर, मदर. मी रोज पोर्टचे कागद वाचतो, येवढं नाय वाचनार? बाबा उभे राहून मना हाक मारत व्हते तवा माझी नजर त्या अक्षरांवरच व्हती. मना बरोबर कलत व्हतं, पोर आईला शोधतंय. म्हनून तर बाहेर गेलो. तुझ्या पोराला हाक मारायला मामा म्हायतीच नाय, हे खाली लिवून दाखवलंस तू. आसा मामा मी.

आत्या सांगायला आली तवा तिचं तोंड बगून मना बोलताच आलं नाय. काय बोलू? तू खरं सांगायला पाठवलंस तिला. मी चार वर्सं साधा फोन नाय केला. किल्ली घेतली नि थेट कार्ल्याला गेलो. एकवीरा आईला. डोंगर चढलो. गुरवाला भेटलो. बारा मार्चचं ठरवून आलोय जावलाचं. तिकिटं मी काढतो, नको बोलू नको. बराकालापन घेऊन ये. त्याच्या भावाला बोल, शर्ट घालून त्यानं पन यावं, खोली रिकामी हाय. ग्रेसला दुसरी दिलेय.

बराकाला मना काय बोलायचं ते समोर बोलीन. पानी नव्हतं विचारलं मी त्याला. ते मना रोज आठवतं.

बाबांना काल सांगितलं खरं काय ते. ते बोलतात, "तिकडच्या लोकांना काय ठावं? हिकडं मामा म्हंजे मामा." त्यांच्याशी वाद घालायचा नाय.

आईला हाक मारत व्हता ना तो? मंग आईच्याच डोंगरावर आनू त्याला. मांडी माझी.

आन आता परत कवा मामा, मामा करत पलाला, तर तू ओ देऊ नको. त्याला सांग, तो पन हाय. हितंच हाय.

जीवन
(अमानीचा मामा)